तीन इंच वर गेलेली जीप

श्रीमंत गपाटच्या जीपमधून पहिला ‘कट्ट’ निघाला तो मंगळवारी सकाळी, कॉलनीच्या तोंडावरच्या गतिरोधकावर, आणि तो सगळ्यांत आधी ऐकला त्याच्या आईनं. मथुराबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. मणके झिजलेले, गुडघे कुरकुरणारे, पण कान असे की शेजारच्या घरातलं दूध उतू जायच्या आधी इथून ओरडायच्या, “अगं, गॅस बारीक कर!”

“काय मोडलं रे श्रीमंता?”

“काही मोडलं न्हाय आई. नवीन सामान हाय. बसायला येळ लागतो.”

जीपची मागची चाकं गतिरोधकावरून उतरली. पुन्हा ‘कट्ट’, आणि त्याच्या मागोमाग एक लांबलचक ‘खर्र’.

“तुझं सामान काय बसंना झालंय,” मथुराबाई म्हणाल्या. “मला उतरव.”

आता ह्या गतिरोधकाविषयी सांगितलंच पाहिजे, कारण सगळ्या रामायणाचं मूळ तिथं आहे. येडशीच्या कडेला ही पंचवीस घरांची कॉलनी. तिच्या तोंडाशी रस्ता करताना कुण्या गुत्तेदाराचं काँक्रीट उरलं. उरलेलं काँक्रीट घरी नेता येत नाही, म्हणून त्यानं ते तिथंच आडवं ओतलं आणि वरून पांढरे पट्टे मारले. झाला गतिरोधक. सरकारी नियमात गतिरोधकाची उंची किती असावी हे सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं आहे. ह्याची उंची मात्र माणसाच्या गुडघ्याच्या हिशेबात सांगावी लागते. श्रीमंतची जुनी जीप त्यावरून जाताना दर वेळी पोट घासायची, आणि मथुराबाईंच्या मणक्यातून कळ थेट डोक्यात जायची.

श्रीमंतनं अडीच वर्षं अर्ज केले. पहिल्या कार्यालयानं सांगितलं, रस्ता आमचा पण गतिरोधक आमचा नाही. दुसऱ्यानं सांगितलं, गतिरोधक आमच्यात बसतो पण रस्ता बसत नाही. तिसऱ्या कार्यालयात एक साहेब नुसतेच बसत होते, त्यांनी अर्ज घेतला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. ह्या तिन्ही कार्यालयांची नावं इथं लिहीत नाही. ती वाचून तिघांनाही वाटेल की हे बाकीच्या दोघांविषयी आहे.

शेवटी श्रीमंतनं ठरवलं. रस्ता खाली येत नाही ना? मग गाडी वर नेतो.

त्यानं मोबाइलवरून लिफ्ट किट मागवलं. म्हणजे गाडीचं धूड चाकांपासून तीन इंच वर उचलून धरणारं सामान: लोखंडी ठोकळे, लांब बोल्ट, लांब शॉकप. ते सोमवारी गोरोबा मिस्त्रीनं बसवलं. गोरोबाच्या दुकानावर ‘कमान पाटे, तीस वर्षांचा अनुभव’ अशी पाटी होती. पाटी लावूनच अकरा वर्षं झाली होती. म्हणजे अनुभव एक्केचाळीस वर्षांचा, आणि गोरोबाचं वय चव्वेचाळीस.

जीप उंच झाली. पोट घासायचं थांबलं. आणि मंगळवारी हा ‘कट्ट’ सुरू झाला.

एवढ्याशा आवाजानं काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. त्याला रविवार माहीत नाही म्हणून वाटेल.

रविवारी मथुराबाईंना सोनारीला भैरवनाथाच्या पाया पडायला जायचं होतं. मणक्यांपायी तीन वर्षं नैवेद्य चुकला होता, आणि म्हातारी रोज संध्याकाळी दिवा लावताना देवाला सांगायची, “येते रे बाबा, येते.” धाराशिवला राहणारा थोरला मुलगा अमरसिंह प्लॉटिंगच्या धंद्यात होता. त्यानं नवी पांढरी गाडी घेतली होती, इतकी बुटकी आणि इतकी गुळगुळीत की तिच्यावर माशी घसरावी. आईला दवाखान्यात न्यायचं, अमरसिंहनं. तिरुपतीला, तेही विमानानं, अमरसिंहनं. श्रीमंत पशुधन पर्यवेक्षक होता. लोक त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचे, पण आईला ताप आला की फोन मात्र अमरसिंहला जायचा. पंचेचाळीस वर्षांत श्रीमंतनं आईला स्वतःच्या गाडीतून गावाबाहेर कुठंही नेलं नव्हतं. अडीच वर्षं अर्ज लिहिले ते ह्याच एका प्रवासासाठी.

मंगळवारी दुपारी अमरसिंहचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत आधीच गेली होती.

“श्रीमंत, आईला मी नेतो. त्या खडखड्यात बसवून तिचे उरलेले मणके मोजायचे न्हाईत आपल्याला.”

“दादा, रविवारपर्यंत आवाज बंद होतोय.”

“कोण बंद करणार? तू?”

फोन स्पीकरवर होता. आतून मथुराबाईंनीच निकाल दिला: “भांडू नगा. रविवारी सकाळी सात वाजता मी श्रीमंताच्या गाडीत बसून त्या उंचवट्यावरनं जाणार. आवाज आला न्हाय, तर हिच्यातच सोनारी. आवाज आला, तर तिथंच उतरून अमरच्या गाडीत. झालं?”

झालं. पाच दिवस हातात होते.

श्रीमंत तसाच गोरोबाकडं गेला. कॉलनीच्या तोंडाशी दोन अनोळखी माणसं हातात टेप घेऊन उभी होती आणि जीपकडं बघत होती. जीपची उंची लोकांच्या डोळ्यांत भरतेय हे पाहून श्रीमंतची छाती जरा फुगली. त्यानं खास त्यांच्यासाठी जीप गतिरोधकावरून एकदा पुढं, एकदा मागं आणि पुन्हा पुढं नेली, वर हातही केला. त्यांनीही मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं. हा हात करणं त्याला पुढं फार महागात पडलं, पण ते शुक्रवारी.

गोरोबानं जीपभोवती एक चक्कर मारली, मागच्या टायरला लाथ घातली आणि तपासणी संपवली.

“डॉक्टर, नवी चप्पल करकर वाजती का न्हाय?”

“वाजते.”

“मग ती चांभाराकडं नेता का? घालून फिरता. फिरा.”

“रविवारी आईला न्यायचंय.”

“मग रविवारपर्यंत लई फिरा.”

श्रीमंत फिरला. रामलिंगच्या घाटात तीनदा वरखाली केलं. माकडं पहिल्या फेरीला उठून बसली, दुसऱ्या फेरीला झाडावर गेली, तिसऱ्या फेरीला त्यांनी बघायचंही सोडलं. चप्पल मात्र करकरायची थांबली नाही. एक गोष्ट तेवढी कळली. चढाला आवाज कमी, उताराला जास्त. गायीनं चाऱ्यातून तार गिळली की ती चढ चढते, पण उतरायला नको म्हणते. श्रीमंतच्या बावीस वर्षांच्या नोकरीत असल्या गायी डझनांनी होत्या. म्हणजे हिच्या पोटात काहीतरी टोचतंय, असं त्याचं निदान झालं, आणि संध्याकाळी तो स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून अंगणात जीपखाली शिरला.

बायको सोनाली मागच्या फूटबोर्डवर उभी राहून गाडी हलवत होती. ही बाई शाळेत गणित शिकवते. तिच्या अंगावर इस्त्रीची साडी होती, आणि समोरून आठवीतली दोन पोरं सायकलवरून जात होती. श्रीमंतनं स्टेथोस्कोप गाडीचा भार तोलणाऱ्या एका कमान पाट्याला लावला, दुसऱ्याला लावला, श्वास रोखला, आणि ऐन मोक्याला बावीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडातून गेलं, “शेपूट धर गं!”

सोनाली खाली उतरली ती थेट घरात गेली. पोरं सायकलवरून पडली. आणि कुंपणावरून आण्णासाहेबांनी विचारलं, “काय डॉक्टर, किती महिन्यांची हाय?”

आण्णासाहेब म्हणजे निवृत्त मंडळ अधिकारी. वजन एकशे अठरा किलो. नोकरीत त्यांनी कधी कुणाचं काम अडवलं नाही, कारण त्यांच्याकडं काम घेऊन गेलेला माणूस मुळात परतच यायचा नाही, इतकं ते बोलायचे. सल्ला द्यायला त्यांनी कधी ना म्हटलं नाही. बुधवारी सकाळी त्यांनी लागोपाठ चार दिले. पाट्यांत एरंडेल घाला. घातलं, आवाज तसाच, वर रस्त्याची सगळी धूळ पाट्यांना चिकटली. गाडी पूर्वेकडं तोंड करून लावा. लावली. टायरमधली हवा कमी करा. केली, गाडी म्हशीसारखी बसली. चौथा सल्ला होता, “मी आत बसून बघतो.”

आण्णासाहेब मागच्या सीटवर बसले. जीप एक उसासा टाकून दोन इंच खाली गेली. श्रीमंतनं ती गतिरोधकावर घातली.

आवाज नाही.

पुन्हा घातली. नाही. आण्णासाहेबांना उतरवून घातली. कट्ट, खर्र. बसवून घातली. शांत.

“बघितलं?” आण्णासाहेब म्हणाले. “अनुभव लागतो.”

त्या दिवसापासून आण्णासाहेब औषध झाले. औषध सकाळी बँकेत जायचं म्हणून बसलं, दुपारी साडूकडं जायचं म्हणून बसलं, संध्याकाळी कडबाकुट्टी दाखवून आणायची म्हणून कडबाकुट्टीसकट बसलं. रविवारी सोनारीला येण्याची तयारीही औषधानं न मागता दाखवली. फक्त मागच्या सीटवर ते बसले की दुसरं कुणी बसू शकत नव्हतं. सोनालीनं विचारलं, “मग मी कुठं बसू?” आण्णासाहेब म्हणाले, “वहिनी, गाडी महत्त्वाची का माणसं?”

सोनालीनं मग स्वतःचा इलाज केला. गणिताची शिक्षिका असली तरी गुरुवारी पहाटे तिनं जीपवरून मीठमोहरी उतरवली आणि घोड्याची नाल काळ्या दोऱ्यात ओवून, कुणाच्या डोळ्यांत यायला नको म्हणून, मागच्या बाजूला खाली बांधली. नवऱ्याला सांगितलं नाही. तो हसला असता.

म्हणून गुरुवारी सकाळी जीपमधून तीन आवाज यायला लागले. कट्ट, खर्र, आणि आता ठण्ण.

श्रीमंतनं रजा टाकली आणि तडक तुळजापूर गाठलं. तिथं गुंडाप्पा नावाचा मिस्त्री भाविकांच्या गाड्या दुरुस्त करून नावाजलेला होता. माणूस शांत. जीपखाली गेला तो दीड तास बाहेर आला नाही. श्रीमंतला वाटलं, झोपला. मग खालून आवाज आला, “यप्पा, सापडलं की हो!” आणि गुंडाप्पा हातात नाल घेऊन बाहेर आला.

नाल पाहून श्रीमंतला आधी बायकोचा राग आला, मग तिच्यावर दुप्पट प्रेम आलं. एवढं सोपं होतं तर! गुंडाप्पाला त्यानं मिठी मारली, देवीच्या कळसाला लांबूनच हात जोडले, पेढे घेतले आणि दादाला फोन लावला: “दादा, बंद झाला. तू तुझ्या गाडीत एकटा ये.” अमरसिंह गप्प झाला. थोरला भाऊ गप्प होण्याचा आवाज श्रीमंतनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि तो त्याला फार आवडला.

तुळजापुरातून बाहेर पडल्यावर पहिल्याच खड्ड्यात जीप बोलली. कट्ट. खर्र. नालेबरोबर ठण्ण तेवढं गेलं होतं. मूळ दुखणं जागच्या जागी होतं.

आता फोन करून दादाला खरं सांगावं का? शहाणा माणूस सांगतो. श्रीमंतनं पेढे खाल्ले. सगळे.

शुक्रवारी सकाळी टपालानं पत्र आलं. तिसऱ्या कार्यालयाचं होतं. अडीच वर्षांनी! श्रीमंतनं ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

‘आपल्या संदर्भीय अर्जाच्या अनुषंगाने मंगळवार रोजी प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता, अर्जदाराचे वाहन सदर गतिरोधकास कोठेही स्पर्श न करता वारंवार पार होत असल्याचे व अर्जदार समाधानी असल्याचे निदर्शनास आले. सबब तक्रारीत तथ्य नसून प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’

समाधानी! तो हात केला होता ना, तो कागदावर असा उमटला. ह्या देशात माणसानं अडीच वर्षं बोंब मारली तर ती कुणाच्या कानावर जात नाही. एकदा चुकून हसला की मात्र लगेच नोंद होते. श्रीमंतनं पत्राची चौघडी घातली, खिशात ठेवली आणि स्वतःशीच म्हणाला, “बरं. आता तर हा आवाज मी बंद करणारच. एकानं जरी मदत केली असती तर कदाचित त्याच्या भरवशावर गप बसलो असतो.”

त्या दिवशी रामलिंगच्या अलीकडं धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, उतरला होता, त्यांच्या मेंढ्यांना लस टोचायची होती. श्रीमंत जीप वाजवत पोचला. मेंढरं आवाजानं फुटली, ती गोळा करायला अर्धा तास गेला. लस टोचून झाल्यावर वाडा पुढच्या मुक्कामाला निघायची तयारी करू लागला. नागूबाई नावाची साठीची बाई घोड्यावर बिऱ्हाड लादत होती: पातेली, वाकळा, दोन कोंबड्या आणि एक आजचंच कोकरू. श्रीमंत जीपला टेकून चहा पीत होता आणि बघायचं म्हणून बघत होता.

नागूबाईनं घोड्याच्या पाठीवर झूल टाकली, दोरी पोटाखालून घेतली आणि नुसती लोंबती ठेवली. मग सगळं ओझं चढवलं. ते चढल्यावर गुडघा घोड्याच्या बरगडीला लावून दोरी करकचून ओढली. मग घोड्याला दहा पावलं चालवलं, थांबवलं आणि पुन्हा ओढली. दोरी चार बोटं आत आली.

श्रीमंतच्या हातातला चहा हातातच राहिला.

“मावशी, आधीच का न्हाय आवळली? रिकामा होता तवा सोपं गेलं असतं.”

नागूबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की ह्याच्या हातून आपण मेंढरांना सुया टोचून घेतल्या ह्याचा तिला पस्तावा झाला असावा.

“डाक्टर हाय न्हवं तुमी? रिकाम्या पाठीवर आवळली का ती नुसत्या फुगल्या पोटाला धरती. वर ओझं पडलं, पाठ दबली, का दोरी ढिली. मग भांडी वाजत्यात. वाजत वाजत आख्खं बिऱ्हाड पोटाखाली येतं.”

“भांडी वाजतात?”

“लई वाजत्यात. आन् एकदा आवळून भागत न्हाय. कोसभर गेलं का थांबून पुन्हा बघायचं. वझ्याला आपली जागा धरायला येळ लागतो.”

श्रीमंतनं चहा खाली ठेवला. गोरोबाचं दुकान त्याच्या डोळ्यांपुढं आलं: जीप जॅकवर टांगलेली, चारी चाकं हवेत, आणि गोरोबा खालून बोल्ट आवळतोय. रिकाम्या पाठीवर! जीप खाली उतरली, वजन पाट्यांवर आलं, पाटे दबले, बोल्ट ढिले. आण्णासाहेब बसले की वजनानं सगळं दाबून धरलं जायचं, म्हणून शांत. उताराला वजन पुढं जायचं, म्हणून कट्ट. ह्या बाईनं कधी पाना हातात धरला नव्हता, आणि तिनं चहा गार व्हायच्या आत निदान केलं होतं. श्रीमंत तिच्या पाया पडला. नागूबाई म्हणाली, “राहू द्या, मेंढरू दगावलं तर बघा म्हंजे झालं.”

शनिवारी तो गोरोबाकडं गेला ते जय्यत तयारीनं. मागच्या सीटवर आण्णासाहेब, पायाशी सरकी पेंडीची दोन पोती. “जीप जमिनीवर. जॅक लावायचा न्हाय. मोठा पाना आन् पाइप दे.”

“का?”

“बोल्ट आवळायचेत.”

“म्या आवळलेत ते.” गोरोबाचा चेहरा उतरला नाही, चढला. “म्या आवळलेल्या बोल्टाला आजवर दुसऱ्याचा हात लागला न्हाय. डॉक्टर, तुमी म्हशी बघा.”

“एक फेर जरी फिरला न्हाय तर रस्त्यावर सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो. फिरला तर तू गप बसायचं.”

टपरीवरची माणसं चहाचे पेले घेऊन जवळ आली. आण्णासाहेब आतून म्हणाले, “पूर्वेकडं तोंड करून आवळा.” श्रीमंत जीपखाली शिरला. एरंडेलात कालवलेली धूळ सगळी त्याच्या तोंडावर पडली. त्यानं पाटे धरून ठेवणाऱ्या बोल्टाला पाना लावला, पान्यात पाइप घातला आणि जोर केला.

नट हलला. हाताला काही न लागता, लोण्यातून सुरी जावी तसा गरकन फिरला. पाऊण फेर. पुढचा, एक फेर. तिसरा, दीड.

गोरोबा खाली वाकून बघत होता. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

“टांगून आवळले व्हते म्या,” तो हळूच म्हणाला. मग टपरीवरच्या माणसांकडं वळून मोठ्यांदा म्हणाला, “म्या मंगळवारीच म्हणलं व्हतं का न्हाय, लई फिरा! फिरल्याबिगर ढिले झालेले कसे कळणार?”

श्रीमंतनं आठही नट आवळले, पाना आणि पाइप जीपमध्ये टाकला आणि म्हणाला, “हे सोमवारी मिळेल.”

रविवारी सकाळी सात वाजता पांढरी गाडी गतिरोधकावरून तिरकी तिरकी होत येऊन उभी राहिली. अमरसिंह गॉगल लावून उतरला. जीप आता इतकी उंच होती की मंगळवारी मथुराबाईंना स्टूल लावून कसंबसं चढवावं लागलं होतं. म्हणून ती उलटी घेऊन आण्णासाहेबांच्या ओट्याला डावी बाजू भिडवून लावली आणि म्हातारी ओट्यावरून सरळ चालत पुढच्या सीटवर जाऊन बसली. आण्णासाहेब धोतर नेसून तयार होते. श्रीमंतनं त्यांना सांगितलं की आता औषधाची गरज नाही. त्यांना लागलं ते. “बरं,” म्हणाले, आणि जाऊन अमरसिंहच्या गाडीत मागं बसले.

सोनाली नैवेद्याची टोपली मांडीवर घेऊन जीपमध्ये मागं बसली. जीप गतिरोधकाकडं निघाली. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली. श्रीमंतनं डोळे मिटले, जे गाडी चालवताना करू नये. मागची उतरली.

काही नाही. टोपलीतल्या नैवेद्यावरचं फडकंसुद्धा हललं नाही.

मथुराबाई पुढं बघत होत्या. “चल सोनारीला,” एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात मागून प्रचंड ‘खर्रर्रर्र’ असा आवाज आला. पांढरी, बुटकी, माशी घसरावी अशी गाडी एकशे अठरा किलो घेऊन गतिरोधकावर पोट टेकून बसली होती, आणि आण्णासाहेब काच खाली करून अमरसिंहला सांगत होते, “अमरसिंह, तुम्ही उतरून ढकला. मी बसून बघतो.” श्रीमंत आरशात बघून हसला नाही. मनातल्या मनात मात्र त्यानं त्या गुत्तेदाराचे, तिन्ही कार्यालयांचे आणि उरलेल्या काँक्रीटचे आभार मानले.

बार्शी आली, गेली. श्रीमंत बोलत होता. आधी चढउताराचं, मग गुंडाप्पाचं, मग नागूबाईचं, मग पुन्हा पहिल्यापासून. पाच दिवस आवाजाच्या आड दडलेली त्याची जीभ आता मोकळी सुटली होती. सोनाली मागं झोपली. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवत होती, एक मोठं चिंचेचं झाड मागं पडलं, मागून पांढरी गाडी ओरखडलेल्या पोटानं येत होती. ह्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट तो स्वतःच विसरला होता.

‘कट्.’

बारीक. पण होता.

श्रीमंतचं वाक्य अर्ध्यात तुटलं. त्यानं आईकडं पाहिलं. मथुराबाई खिडकीतून ज्वारी बघत होत्या.

‘कट्.’

“आई... काही ऐकलंस?”

“क्काय?” मथुराबाईंनी कानाला हात लावला. “मोठ्यांदा बोल बाबा. हल्ली मला ऐकू लई कमी येतं.”

श्रीमंत तिच्याकडं बघतच राहिला. शेजारच्या घरातलं दूध जिला ऐकू यायचं ती ही बाई. तिच्या तोंडावरची एक सुरकुतीही हलली नव्हती.

सोनारी आता फार लांब नव्हती. दादाच्या गाडीच्या काचा बंद होत्या, त्याला काही ऐकू जाणार नव्हतं. आणि जिनं निकाल द्यायचा तिनं तर निकाल देऊन टाकला होता. तसाच पुढं गेला असता तर कुणी विचारलं नसतं.

श्रीमंतनं जीप कडेला घेतली. नवा पांढरा सदरा, आईच्या देवासाठी घातलेला. तो तसाच पाना आणि पाइप घेऊन मातीत उताणा झाला आणि खाली सरकला.

मागून पांढरी गाडी थांबली. अमरसिंहचे चकचकीत बूट जीपजवळ आले.

“काय झालं? म्हणलं नव्हतं का मी? आई, उतर, माझ्या...”

“दादा,” खालून श्रीमंत म्हणाला, “ओझ्यानं जागा धरलीय. आता दोरी पुन्हा आवळायची येळ हाय. कोसाभरावरच करायला पायजे होतं, बोलण्याच्या नादात विसरलो. एकट्याला जोर पुरंना. पाइप धर.”

अमरसिंहनं गॉगल काढला, बोनेटवर ठेवला, पँट गुडघ्यात वर ओढली आणि खाली वाकला. वाकून भागेना तेव्हा बसला. बसून भागेना तेव्हा आडवा झाला. दोघा भावांनी एकाच पाइपवर जोर केला. नट फिरला, पाइप चार बोटं सरकला.

“हे तुला कुणी शिकवलं?” अमरसिंहनं विचारलं.

“एका घोड्यानं.”

अमरसिंह हसला. त्याच्या तोंडात एरंडेलाची माती गेली, तरी हसत राहिला. वर जीपमध्ये सोनाली जागी होऊन टोपली सांभाळत होती. आण्णासाहेब पांढऱ्या गाडीतून ओरडून दिशा सांगत होते. आणि मग खिडकीतून, त्या हल्ली काहीच ऐकू न येणाऱ्या म्हातारीचा आवाज खाली आला:

“डावीकडचा झाला का रे? मग उजवीकडचा पुढचा नट बी बघा. त्या चिंचेपासनं तो बी बारीक बोलतोय.”